तू बस, आम्ही करतो

पणजीत अपंगांसाठीच्या पर्पल फेस्टचे दिवस आले की आमच्या फोंड्याच्या घरात दोन तट पडतात. काका म्हणतात, सगळा देखावा. चार दिवस रॅम्प, भाषणं, मग येरे माझ्या मागल्या. धाकटी बहीण म्हणते, २०२३ च्या जानेवारीत पहिला फेस्ट झाला, त्याआधी अपंगांचा विषय आपल्या जेवणाच्या टेबलावर तरी कधी निघाला होता का? मी इंग्लंडातल्या स्विंडनहून फोनवर दोघांचं ऐकायचो आणि विषय बदलायचो. आता बदलता येत नाही.

सुट्टीवर आलो होतो तेव्हा रात्री रस्त्यावरच्या खडीवर स्कूटर घसरली आणि मी उजव्या खांद्यावर आपटलो. हाड शाबूत राहिलं, मज्जातंतू तुटले. मानेतून हातात उतरणाऱ्या पाच मुळांचं हे जाळं. डॉक्टर त्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. ही इजा बऱ्याचदा दुचाकीवरून पडणाऱ्यांच्याच वाट्याला येते. शस्त्रक्रिया झाली तरी तंतू दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. मानेपासून बोटांपर्यंतचं अंतर तुम्हीच मोजा. माझा उजवा हात आज कोपरात थोडा वाकतो, पुढे काही नाही.

घरी होतो तोवर आईने पेज भरवली, मावशीने शर्टाची बटणं लावली, शेजारच्यांनी रात्री सोबतीला पाळ्या लावल्या. हे सुख इंग्लंडात मिळत नाही. इथे परत आल्यावर दारात एक कार्ड पडलं होतं, 'लवकर बरा हो' लिहिलेलं, आणि फिजिओथेरपीच्या प्रतीक्षायादीचं एक पत्र. बाकी शुकशुकाट. तेव्हा 'तिथे तुझं कोण आहे, परत ये' या आईच्या म्हणण्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. (आमचे आजोबा १९६१ च्या आधी गोव्यात जन्मले, त्या आधारावर पोर्तुगीज पासपोर्ट आणि त्या पासपोर्टवर मी इथे. 'देश विकून गेलेले' हे टोमणेही ऐकून झालेत.)

उत्तर मिळालं ते जुन्या कॉम्प्युटरांच्या कंपूत. स्विंडनला या गोष्टींचं वेड आहे. २००३ पासून गावात कॉम्प्युटरांचं म्युझियमच आहे. आमचा कंपू त्याहून पुष्कळ लहान, शनिवारी एका हॉलमध्ये जमून ऐंशीच्या दशकातली मशिनं दुरुस्त करणारा. बोटीवरच्या मामाने आणलेला झेडएक्स स्पेक्ट्रम, त्या काळातला घरगुती कॉम्प्युटर, मी लहानपणी उघडून बिघडवला होता, तेव्हापासूनचा हा नाद. अपघातानंतर कित्येक महिने तिकडे फिरकलो नाही. सोल्डरिंग, म्हणजे वितळत्या धातूने जोडकाम, करणाऱ्याचा उजवा हात गेला, आता जाऊन करायचं काय?

गेलो तेव्हा कोणी गळ्यात पडलं नाही. चहा दिला आणि समोर एक मेलेला, ४८ के मेमरीचा स्पेक्ट्रम ठेवला. या मशीनचं जुनं दुखणं ठरलेलं असतं. टीआर४ नावाचा ट्रान्झिस्टर जातो, उणे पाच व्होल्टचा पुरवठा बंद पडतो आणि ४११६ जातीच्या मेमरी चिप्स जळतात. त्यांना बारा, पाच आणि उणे पाच असे तिन्ही व्होल्टेज लागतात. दोष शोधायला डोकं पुरतं. नवी चिप जोडायला मात्र खरं तर तीन हात हवेत: एक बोर्ड धरायला, एक तापलेलं आयर्न धरायला, एक सोल्डरची तार पुढे सरकवायला. कंपूत एक म्हातारा आहे, १९८६ मध्ये बंद पडलेल्या इथल्या रेल्वे कारखान्यात शिकलेला. त्याने काही न विचारता बोर्ड शिकंज्यात अडकवला, जाड तांब्याची तार वाकवून सोल्डरच्या तारेसाठी एक मान तयार केली आणि म्हणाला, आता डाव्या हाताने आयर्न तिथे आण. पहिला सांधा ओबडधोबड झाला. त्याने तो काढायला लावला, दुसऱ्यांदाही.

स्पेक्ट्रमचा कीबोर्ड एकहाती माणसासाठीच बनवलाय असं मला पहिल्यांदा वाटलं. 'पी' दाबलं की 'प्रिंट' हा अख्खा शब्द उमटतो, टाइप करायला नको. पण काही शब्दांसाठी खालच्या ओळीच्या डाव्या टोकाची कॅप्स शिफ्ट आणि उजवीकडची सिम्बॉल शिफ्ट एकदम दाबावी लागते. अंगठा आणि करंगळी ताणून मी ते जमवतो. आजूबाजूचे हसतात, मीही हसतो.

याचा अर्थ इंग्रज भले आणि आपण वाईट, असा काकांनी काढू नये. कायदा म्हणाल तर इथला २०१० चा समानता कायदा आणि आपला २०१६ चा अपंग हक्क कायदा, दोन्ही हेच सांगतात की माणसाला जमेल अशी सोय करून द्या. फरक कायद्यात नाही. घरी माझ्यावर जीव होता, म्हणून माझ्या हातातलं काम काढून घेतलं गेलं. इथे जिव्हाळा बेताचाच, पण काम पुढ्यात आलं. मला दोन्ही लागतं. निवडच करावी लागली तर आज मी काम निवडेन.

आणि हे गोव्याला शिकवायची गरज नाही, असं माझं मत आहे. आमच्या वाड्यावरच्या जत्रेच्या नाटकात वर्षानुवर्षं राजाची भूमिका करणारे एक गृहस्थ पक्षाघाताने बसले. मंडळाने त्यांना शाल देऊन पहिल्या रांगेत बसवलं नाही, विंगेत प्रॉम्प्टिंगला बसवलं. ते तालमीला सगळ्यांच्या आधी यायचे, आणि चुकलेल्या नटाला अंक संपेपर्यंत शिव्या द्यायचे. रंगमंचावर आपल्याला हे सहज सुचतं, मग दुकानात, कचेरीत, शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये का सुचत नाही? फेस्टवर भांडायचंच असेल तर यावर भांडा.

माझ्यापुरतं मी मंडळाला कळवलं आहे. यंदा जत्रेला येतोय. पडदा ओढायला दोन हात लागतात, मान्य. पण लाइटचा डिमर एका हाताने चालतो.