आपल्या नऊ वर्षांच्या कुत्र्याच्या तपासण्यांबाबत

सप्रेम नमस्कार. आपण प्राणिनिवाऱ्यातून साधारण नऊ वर्षांचा कुत्रा घरी आणलात आणि तोंडाला वास येतो म्हणून दात साफ करून घेण्यासाठी त्याला आमच्या कर्वेनगरच्या दवाखान्यात आणलेत. दातांना हात न लावता आम्ही रक्त, लघवी आणि एक्स-रे यांवर बिल वाढवले, मूत्रपिंडाचे नाव काढून घरच्यांना घाबरवले आणि अशाने म्हातारे कुत्रे कोणी दत्तक घेणार नाही, असे आपण जाहीर अभिप्रायात लिहिले आहे.

आधी आमची चूक मान्य करतो. तपासण्यांचा अंदाजे खर्च रक्त काढण्यापूर्वीच लेखी द्यायला हवा होता, तो दिला गेला नाही. आणि अहवाल सायंकाळी हाती येऊनही आपल्याला फोन गेला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. ती रात्र आपल्या घरी कशी गेली असेल याची मला कल्पना आहे. त्याबद्दल मनापासून क्षमा मागतो.

तपासण्या अनावश्यक होत्या, हे मात्र मला मान्य करता येत नाही. हिरडीच्या आतला मळ काढायचा तर कुत्र्याला पूर्ण भूल द्यावी लागते, आणि ती त्याला झेपेल का हे आधी पाहावे लागते. पिल्लापासून घरात वाढलेल्या कुत्र्याचे लसीचे कार्ड असते, त्याची मागची दुखणी घरच्यांना आठवतात. निवाऱ्यातून आलेल्या कुत्र्याचे तर वयसुद्धा बहुतेक वेळा दात पाहून बांधलेला अंदाज असते, त्यामुळे त्याचा पूर्वेतिहास आम्हाला रक्तातच शोधावा लागतो. मूत्रपिंडाचे साधारण पाऊण काम बंद पडेपर्यंत रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंड बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) वाढत नाही. तोवर कुत्रा खातो, फिरतो, फक्त पाणी थोडे जास्त पितो, आणि पुण्याच्या एप्रिलमध्ये ते कोणाच्या लक्षातही येत नाही. लघवीची घनता हे त्याआधी सांगू शकते, म्हणून तीही पाहिली.

पंजाच्या बोटांमधल्या दोन गोचिडी तर आपल्या मुलानेच आम्हाला दाखवल्या. गोचीड तापाचा जंतू पहिला ताप उतरल्यावरही महिनोन्महिने शरीरात दडून राहू शकतो आणि रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट पेशी कमी करतो. अशा वेळी हलणारा दात काढला तर रक्त थांबवणे कठीण होते. हा आजार निघाला, तर सुमारे 4 आठवडे डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक देऊन मगच दातांकडे वळणे शहाणपणाचे असते.

एक्स-रेचे कारण आपल्यासमोरच घडले होते. टेबलावरून खाली उतरवल्यावर आपण त्याला ‘बस’ म्हणालात, त्याने मागचे पाय जरासे दुमडले, पुन्हा सरळ केले आणि तो आपल्याकडे बघत उभाच राहिला. मागच्या पंजांची मधली नखे पुढून घासलेली होती, म्हणजे तो पाय ओढत चालत होता. ‘वय झाले’ म्हणून हे सोडून देणे मला पटले नाही. शिवाय सांधेदुखीवरची मेलॉक्सिकॅमसारखी औषधे मूत्रपिंड अशक्त असताना अपाय करतात, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकत्र पाहणे भाग होते. (घरातली आयब्रुफेन किंवा पॅरासिटामॉल त्याला कृपया कधीही देऊ नका.) त्याच्या डोळ्यांतली निळसर झाक मोतीबिंदूची नसून वयाबरोबर भिंग घट्ट झाल्याची आहे आणि तिच्यावर खर्च करू नये, हेही त्याच भेटीत सांगितले होते.

अहवालातील आकडे आपल्या परवानगीशिवाय येथे लिहीत नाही. त्यांच्या प्रती आपल्याला विनामूल्य मिळतील, त्या दाखवून दुसऱ्या पशुवैद्यांचे मत अवश्य घ्या. पुढील फेरतपासणीचे शुल्क आम्ही घेणार नाही, आणि आता कोणतीही तपासणी करण्यापूर्वी खर्चाचा लेखी अंदाज देऊन पालकांची सही घेतली जाते. आपण आलात तर सकाळची पहिली लघवी स्वच्छ बाटलीत आणा आणि आदल्या 24 तासांत तो किती पाणी प्यायला ते मोजून ठेवा. वजनाच्या दर किलोमागे 100 मिलिलीटरपेक्षा जास्त भरले, तर वेळ ठरवण्याची वाट न पाहता त्याच दिवशी घेऊन या.