‘साथीत सामान्य माणूस घाबरून विकून बसला’ : त्या फॉरवर्डची थोडी चिरफाड

कोरोनाच्या काळातल्या शेअर बाजारावरचा एक लांबलचक मेसेज परत फिरायला लागलाय, फॅमिली ग्रुप, सोसायटी ग्रुप, दहावीच्या बॅचचा ग्रुप, सगळीकडे तोच. सुरुवातच ‘जगभरच्या संशोधनाने सिद्ध झालंय’ अशी, त्यामुळे वाचणारा आधीच हात जोडून बसतो. मेसेजमधले दावे थोडक्यात असे: मार्च २०२० मध्ये सामान्य गुंतवणूकदाराने घाबरून विकलं आणि परदेशी संस्थांनी ते स्वस्तात उचललं. पेशंट वाढले की बाजार पडतो हे सिद्ध झालंय. बाजाराचा अर्थव्यवस्थेशी काही संबंध नाही, सगळा छापलेल्या नोटांचा खेळ. घरी बसलेल्या तरुण पोरांनी मोबाईलवर ट्रेडिंग करून मोठमोठ्या फंड मॅनेजरांना हरवलं. आणि शेवटी सल्ला, की पुढची साथ आली की डोळे झाकून घ्या.

यातलं काही पूर्ण चूक आहे, काही अर्धवट बरोबर आहे, आणि अर्धवट बरोबर असलेलंच जास्त महागात पडतं म्हणून हे लिहितोय.

तर पहिला दावा, कोणी विकलं. हा अख्खाच्या अख्खा उलटा आहे हो. मार्च २०२० मध्ये परदेशी गुंतवणूकदारांनी आपल्या शेअर बाजारातून जवळपास ६२ हजार कोटी रुपये काढून नेले, एका महिन्यात एवढी विक्री त्याआधी कधी झाली नव्हती. समोर घेणारं कोण होतं? म्युच्युअल फंड, विमा कंपन्या वगैरे देशी संस्था, ज्यांनी त्याच महिन्यात ५५ हजार कोटींच्या वर खरेदी केली. आणि फंडांकडे हा पैसा येतो कुठून, तर आपल्यातुपल्या एसआयपीतून, म्हणजे दर महिन्याला ठरलेल्या हप्त्याने फंडात जाणाऱ्या पैशांतून. त्या मार्चमध्ये एसआयपीचे ८,६४१ कोटी आले, फेब्रुवारीपेक्षा थोडे जास्तच, आणि इक्विटी (म्हणजे शेअर घेणाऱ्या) फंडांमध्ये निव्वळ ११,७०० कोटींच्या आसपास आत आले. २३ मार्चचा सोमवार आठवून बघा, दहा वाजायच्या आत १० टक्क्यांचं लोअर सर्किट (घसरण ठरलेल्या मर्यादेला पोचली की व्यवहार थांबवण्याची सोय) लागलं, ४५ मिनिटं धंदा बंद, उघडल्यावर अजून खाली, आणि सेन्सेक्स ३,९३५ अंकांनी म्हणजे १३ टक्क्यांनी आपटून बंद झाला. अशा महिन्यात ज्याला मेसेजवाले ‘घाबरट’ म्हणतायत त्याचा हप्ता निमूटपणे कापला जात होता. (काहींचा केवळ ऑटो डेबिट होता म्हणून कापला गेला हेही खरंच, पण थांबवायचं बटण अॅपमध्ये सगळ्यांना दिसत होतं.)

परदेशातला अभ्यासही साधारण हेच सांगतो. अमेरिकेत जिलिओ, माजोरी वगैरे संशोधकांनी व्हॅनगार्ड या मोठ्या फंड कंपनीच्या ग्राहकांना फेब्रुवारीत, मार्चमध्ये आणि एप्रिलमध्ये तेच तेच प्रश्न विचारले आणि त्यांच्या खात्यातले व्यवहारही बघितले. बहुतेकांनी फारसं काही केलंच नव्हतं. पुढच्या एका वर्षाबद्दल लोक निराश झाले पण १० वर्षांचा अंदाज जवळपास तिथल्या तिथेच राहिला. यातला मला सगळ्यात आवडलेला भाग असा, की जास्त विक्री कोणी केली तर जे फेब्रुवारीत सगळ्यात जास्त आशावादी होते त्यांनी! तेव्हा ग्रुपवर ‘बाजार अजून दुप्पट होणार’ म्हणणाऱ्यांवर लक्ष ठेवा, आधी तेच पळतात.

मग आपल्याकडे सामान्य माणूस चुकलाच नाही का? चुकला, पण वेगळ्या वेळी. जुलै २०२० पासून फेब्रुवारी २०२१ पर्यंत सलग आठ महिने इक्विटी फंडांतून निव्वळ पैसा बाहेर गेला, आणि नोव्हेंबर २०२० ला एसआयपी ७,३०२ कोटींपर्यंत उतरली. म्हणजे बाजार चढत असताना. आता यातल्या काहींना पैशांची खरोखरच गरज होती, पगार कापले गेले होते, धंदे बंद होते, त्यांना नावं ठेवायचं काही कारण नाही. पण बाकीच्यांचं काय झालं हे गुंतवणूकदारांच्या वागण्याचा अभ्यास करणारे १९८५ पासून सांगतायत, शेफ्रिन आणि स्टॅटमन यांनी तेव्हाच मांडलं होतं की माणूस तोट्यातलं धरून ठेवतो आणि जरा नफ्यात आलं की विकतो. मार्चमध्ये लाल दिसणारा आकडा ऑक्टोबर-नोव्हेंबरात हिरवा झाला, घातलेले पैसे परत आले, ‘सुटलो बाबा’ म्हणून काढून घेतले, आणि निफ्टी (सेन्सेक्ससारखाच, पन्नास मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक) पुढच्या ऑक्टोबरात १८ हजारांच्या वर गेला तेव्हा हे लोक एफडीत. मेसेजमध्ये यातलं अवाक्षर नाही, कारण पडझडीची गोष्ट सांगायला सोपी असते.

दुसरा दावा, पेशंट वाढले की बाजार पडतो. इथे संशोधन खरंच आहे, एक नाही शेकड्यांनी पेपर आहेत, आणि २०२० च्या पहिल्या सहामाहीत तर त्यांचा पूरच आला होता. पण त्यातल्या बऱ्याच जणांनी वापरलेला डेटा जानेवारी ते मार्च-एप्रिल २०२० एवढाच होता, कारण लिहिताना त्याच्या पुढचं काही घडलेलंच नव्हतं! त्या दोन-तीन महिन्यांत पेशंटचा आकडा वर जात होता आणि बाजार खाली, मग दोन्हींची सांगड लागणारच. आता आपले आकडे घ्या. २३ मार्चला निफ्टी ७,६१० वर बंद झाला तेव्हा देशात एकूण पेशंट पाचशेच्या आत होते. सप्टेंबरच्या मध्यात रोज ९० हजारांच्या वर पेशंट सापडत होते आणि निफ्टी साडेअकरा हजारांच्या आसपास होता. मे २०२१ मध्ये, जेव्हा ऑक्सिजनसाठी लोक रात्र रात्र फोन करत होते, तेव्हा दिवसाला चार लाखांचा आकडा ओलांडला, आणि त्याच महिन्याच्या शेवटी निफ्टीने नवा उच्चांक केला. बाजार निर्दय आहे असं म्हणायचं तर म्हणा, पण ‘पेशंट वाढले की पडतो’ हे काही टिकत नाही.

मग मार्चमध्ये पडला कशाने? बेकर, ब्लूम, डेव्हिस आणि मंडळींनी १९०० सालापासूनच्या मोठ्या उलथापालथींची वर्तमानपत्रांतली कारणं तपासली, तर त्यांना दिसलं की याआधीच्या कुठल्याही साथीचा, अगदी १९१८ च्या फ्लूचाही, अमेरिकेच्या बाजारावर एवढा धक्का बसलेला नव्हता. त्यांचं म्हणणं, फरक आजाराचा कमी आणि निर्बंधांचा, माणसं घरात बसण्याचा जास्त, कारण आताची अर्थव्यवस्था हॉटेल, प्रवास, दुकानं, करमणूक अशा समोरासमोरच्या सेवांवर चालते. बाजार घाबरला तो शटर किती दिवस खाली राहणार हे कळत नव्हतं म्हणून. दुसऱ्या लाटेत देशभर सरसकट कुलूप लागणार नाही हा अंदाज होता, लस आलेली होती, कंपन्यांनी वर्षभरात धंदा कसा चालवायचा ते शिकून घेतलं होतं.

तिसरा मुद्दा, बाजाराचा अर्थव्यवस्थेशी संबंध नाही. यात तथ्य आहे, नाही असं नाही. २३ मार्चलाच अमेरिकेच्या फेडने (तिथल्या मध्यवर्ती बँकेने) लागेल तेवढे रोखे घेऊ म्हणून जाहीर केलं, २७ मार्चला आपल्या रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो) एका फटक्यात पाऊण टक्का कापून ४.४० वर आणला आणि मे मध्ये ४ वर. पैसा स्वस्त झाला, एफडीचं व्याज उतरलं, लोक शेअरकडे वळले. पण फक्त तेवढंच असतं तर सगळेच शेअर सारखे चढले असते ना? रामेल्ली आणि वॅगनर यांनी दाखवलं की पडझडीतसुद्धा बाजार निवडून मारत होता, ज्यांच्यावर कर्ज जास्त आणि हातात रोकड कमी अशा कंपन्या जास्त आपटल्या. आपल्याकडे औषधं आणि आयटी कुठे गेले आणि मल्टिप्लेक्स, हॉटेलं कुठे राहिली ते सगळ्यांनी बघितलंय.

दुसरं एक साधं गणित. एखाद्या कंपनीचा भाव तिच्या वर्षाच्या नफ्याच्या २० पट असेल तर एका वर्षाचा नफा पूर्ण शून्य झाला तरी तिची किंमत साधारण ५ टक्क्यांनीच कमी व्हायला हवी, बाकीची वर्षं जागेवर असतील तर. एप्रिल ते जून २०२० मध्ये जीडीपी २३.९ टक्के घसरल्याचा पहिला अंदाज आला, भयंकरच आकडा, पण निफ्टीतल्या पन्नास कंपन्या म्हणजे देश नव्हे. ज्याची चहाची टपरी, सलून, रिक्षा बंद पडली तो निफ्टीत नाहीच, उलट छोटे बंद पडल्यावर त्यांचं गिऱ्हाईक मोठ्यांकडे गेलं. संबंध नाही असं नाही, संबंध कोणाच्या अर्थव्यवस्थेशी आहे हे बघावं लागतं, आणि हे मेसेजपेक्षा जास्त कडू आहे.

आता चौथा, पोरांनी फंड मॅनेजरांना हरवलं. इथे जरा थांबतो कारण याच दाव्याने घरं बुडवली.

याला आधार म्हणून रॉबिनहूड या शेअर ट्रेडिंगच्या अॅपवरचा अभ्यास दाखवतात. तो खराच आहे. आयव्हो वेल्च यांनी त्या अमेरिकन अॅपच्या ग्राहकांकडे मिळून कुठले शेअर किती आहेत ते तपासलं, तर त्यांनी मार्चच्या पडझडीत खरेदीच केली होती आणि सगळ्यांचा मिळून झालेला पोर्टफोलिओ बरा चालला होता. पण त्याच अॅपच्या डेटावर बार्बर, ओडीन आणि इतर दोघांनीही अभ्यास केलाय, त्यांना दिसलं की ज्या दिवशी सगळी झुंड एकाच शेअरवर तुटून पडते, तो शेअर पुढच्या महिनाभरात बाजाराच्या तुलनेत सरासरी ४.७ टक्के मागे पडतो. दोन्ही एकाच वेळी खरं आहे! घेऊन गप्प बसलेले तरले, चर्चेतल्या शेअरमागे धावलेले ठेचकाळले. मेसेजमध्ये पहिला अभ्यास आहे, दुसरा नाही. (हर्ट्झ या दिवाळखोरीत गेलेल्या कंपनीचे शेअर घेतले म्हणून जग या पोरांना हसलं होतं, आणि वर्षभराने तिच्या जुन्या शेअरहोल्डरांना चक्क पैसे मिळाले. नशीब कोणाच्या बाजूने कधी उभं राहील सांगता येत नाही.)

आपल्याकडचं चित्र बघा. मार्च २०२० ला देशात साधारण ४ कोटी १० लाख डीमॅट खाती (शेअर ठेवायची खाती) होती, दोन वर्षांत ती ९ कोटींजवळ गेली. यातले बरेच जण शेअर घेऊन ठेवणारे असते तर काही प्रश्न नव्हता. पण चढत्या बाजारात पहिले चार सौदे जमले की माणसाला वाटतं हे आपल्याला येतं, मग टेलिग्रामवरचे कॉल, मग इंट्राडे (त्याच दिवशी घेऊन विकणं), मग ऑप्शन. बाजाराची नियामक संस्था सेबीच्या अभ्यासात २०२१-२२ मध्ये एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शनचे सौदे) करणाऱ्या दहापैकी नऊ व्यक्ती तोट्यात होत्या, सरासरी तोटा १ लाख १० हजार. २०१८-१९ ला अभ्यासातल्या मोठ्या ब्रोकरांकडे असे लोक ७ लाखांच्या आसपास होते, ते तीन वर्षांत ४५ लाखांवर गेले. पुढच्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांतला अशा लोकांचा एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर निघाला आणि ९३ टक्के तोट्यात. हा तोटा म्हणजे मार्च २०२० मध्ये परदेशी लोकांनी काढून नेले त्याच्या जवळपास तिप्पट, आणि हे कुठल्याही पडझडीत नाही, बहुतेक तेजीत.

तोटा कसा होतो हे कॉन्ट्रॅक्ट नोट (ब्रोकरकडून येणारं सौद्यांचं आणि खर्चाचं बिल) उघडून बघितलं की कळतं, ती ईमेलवर रोज येते आणि रोज न उघडता राहते. समजा ५० हजार भांडवल आहे, ब्रोकरेज ऑर्डरला २० रुपये, म्हणजे घेऊन विकलं की ४०. दिवसाला दहा सौदे मारले तर ४००, महिन्याचे २० दिवस धरले तर ८,०००, वर १८ टक्के जीएसटी, झाले ९,४४०. एसटीटी (शेअर व्यवहारांवरचा कर), एक्स्चेंजचे चार्जेस, स्टॅम्प ड्युटी अजून लावलीच नाही. म्हणजे महिन्याला भांडवलाच्या १८-१९ टक्के कमावले तर पोरगा शून्यावर आला! कुठला फंड मॅनेजर महिन्याला १९ टक्के काढतो? आणि वय बघायचं तर सेबीच्याच इंट्राडेच्या अभ्यासात तिशीच्या आतल्यांचा वाटा २०१८-१९ ला १८ टक्के होता तो २०२२-२३ ला ४८ टक्के झाला, त्यातले ७६ टक्के तोट्यात.

राहिला शेवटचा सल्ला, पुढच्या साथीत डोळे झाकून घ्या. कधी घेणार? १३ मार्च २०२० ला सकाळी लोअर सर्किट लागलं, मग बाजार असा काही उसळला की निफ्टी ९,९५५ वर बंद झाला, ‘तळ लागला’ म्हणून लोक तुटून पडले, आणि दहा दिवसांत अजून २३ टक्के खाली. तळ कुठला हे नंतर चार्टवर बोट ठेवून सांगता येतं. शिवाय घ्यायला हातात पैसा लागतो, सीएमआयई या आर्थिक आकडेवारी गोळा करणाऱ्या संस्थेच्या अंदाजाने त्या एप्रिलमध्ये १२ कोटींच्या आसपास लोकांचं काम गेलं होतं आणि सरकारने पीएफमधून उचल घ्यायची मुभा दिली होती ती शेअर घ्यायला नव्हे, किराणा भरायला.

आणि २०२० सारखा तळानंतर आठ महिन्यांत जुना उच्चांक परत येतो हा काही नियम नाही. रिझर्व्ह बँकेला दर कापायला जागा होती म्हणून कापले. २०२२ ला महागाई वाढल्यावर त्याच बँकेने मे महिन्यात सुरुवात करून फेब्रुवारी २०२३ पर्यंत रेपो ४ वरून साडेसहावर नेला, तेव्हा साथ आली असती तर काय केलं असतं? जानेवारी २००८ ला सेन्सेक्स २१,२०० च्या वर गेला होता, तो आकडा मागे टाकायला २०१३ ची दिवाळी उजाडली. ज्याने त्या जानेवारीत मुलीच्या २०१२ च्या कॉलेज फीसाठी सेन्सेक्समधल्या शेअरांत पैसे ठेवले होते त्याच्या हातात फी भरायच्या वेळी घातले त्यापेक्षा कमीच होते.