तुमचीबी मोटर जळाली का?

परवाच्या रविवारपासून आमच्या घरात 'मोटर' हा शब्द काढायला मी बंदी घातली आहे. परिणाम एवढाच की गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवायचं असलं की बायको "अहो, ते तुमचं चालू करा" म्हणते आणि तोंडावर पदर धरते.

थोडक्यात सांगतो. गाडी १९८४ ची प्रीमियर पद्मिनी, वडिलांची. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेल्या, त्याच सुमारास मला आमची पद्मिनी तरुण करायचा झटका आला. कार्ब्युरेटर काढून इंजेक्शन, म्हणजे पंपाच्या दाबानं पेट्रोल फवारणारी यंत्रणा, बसवलं. का बसवलं हे कृपया विचारू नये, सासऱ्यांपासून पेपरवाल्यापर्यंत सगळ्यांचं विचारून झालंय. छत्रपती संभाजीनगरहून बीडला लग्नाला निघालो होतो. मुहूर्त बारा पस्तीसचा. शहागडचा गोदावरीचा पूल ओलांडला, गेवराई जवळ आली आणि गाडीनं दोन उचक्या दिल्या. मागून पंपाचा आवाज चिरका झाला आणि सगळं शांत. मे महिना.

पाच मिनिटांत सासुरवाडीची एक गाडी मागून आली, थांबली. आत जागा एकच होती. ती कुणाला मिळाली हे सांगायला नको. आहेराची पिशवीही तिच्या मांडीवर गेली. निघताना मेव्हण्यानं काच खाली करून "या सावकाश, दाजी" म्हटलं. त्यातलं 'सावकाश' मला अजून बोचतंय.

मी डिकी उघडून, गालिचा बाजूला सारून पंपाकडे बघत उभा राहिलो. नुसतं बघून पंप सुधारत नाही, हे मला कळतं. पण रस्त्यावर उभं असताना माणूस कामात दिसलेला बरा.

तेवढ्यात एक मोटारसायकल थांबली. चालवणारा साठीचा, डोक्याला उपरणं गुंडाळलेलं. मागच्या सीटवर सायकलच्या ट्यूबनं आवळलेलं, पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबोळकं. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, लहान पोर निजवून नेतोय.

"कामून थांबलात?"

"बंद पडली."

"ते दिसायलंय. काय जळालं?"

"जळालं नाही काही. पंप तापलाय. फ्युएल पंप."

"मोटर," त्यानं माझी दुरुस्ती केली, गाडी स्टँडला लावली आणि पोत्याचं तोंड उघडून दाखवलं. बोरच्या पाण्यात बुडवून ठेवायची सबमर्सिबल मोटर. जळक्या वार्निशचा तो वास एकदा नाकात बसला की दोन दिवस निघत नाही. खालच्या टोकातून काळं पाणी ठिपकत होतं. "ही माझी. ह्या उन्हाळ्यात तिसऱ्यांदा. गेवराईला वायंडिंग भराया चाललो. तुमचीबी जळाली का?"

"जळाली नाही म्हटलं ना!"

"सुरवातीला आसंच वाटतं."

मग त्यानं न विचारता डिकीत डोकं घातलं.

"टाकी किती परस?"

"परस विहिरीच्या खोलीला हो! ही पेट्रोलची टाकी आहे, हातभर."

"मोटर पान्यात सोडली का वर ठिवली?"

"वर. पण पाणी नाही, पेट्रोल असतं त्यात."

"तेच ते."

आता इथं मला राग यायचं खरं कारण सांगतो. त्याचं बरोबर होतं. इंजेक्शनचा पंप आतून वाहणाऱ्या पेट्रोलनंच थंड राहतो. म्हणून कारखान्यातून येणाऱ्या गाड्यांत तो टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडवलेला असतो. बाहेर लावायचाच झाला तर टाकीच्या खालच्या पातळीला, म्हणजे पेट्रोल आपसूक त्याच्याकडे उतरलं पाहिजे. आमच्या मिस्त्रींनी तो डिकीत, टाकीच्या डोक्यावर बसवला होता. का, तर "सर, तुम्हाला बघायला सोपं." तेवढं मात्र खरं निघालं. बघतच होतो.

"आन ही डबी कसली?"

"फिल्टर," मी म्हणालो, आणि कबूल करतो, मला जरा उत्साह आला. सहा महिन्यांत हा प्रश्न मला कुणीही विचारला नव्हता. "दहा मायक्रॉनचा. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉन असतो. म्हणजे केसाच्या सातव्या हिश्श्याएवढा कणसुद्धा यातून जात नाही."

त्यानं ती डबी हातात घेऊन उन्हाकडे धरली, हलवली, कानाशी नेली.

"मंग पेट्रोल कसं जातंय?"

याला उत्तर नव्हतं, कारण पेट्रोल जातच नव्हतं. चाळीस वर्षांच्या टाकीतला सगळा गंज त्या डबीत येऊन बसला होता.

"मोटर वढायली ह्या डबीतून?"

"हो. टाकी, मग फिल्टर, मग पंप."

"पान्यात सोडल्या नळाच्या टोकाला, फुटवालला, काय आसतं? चाळणी का गाळणं?"

"चाळणी."

"कशापायी?"

"खडे, काड्या अडवायला."

"मंग तुमी फुटवालला चहाचं गाळणं बांधलंय की ओ!" त्यानं कपाळावर हात मारला. माझ्या नव्हे, स्वतःच्याच, पण लागला मला. "मोटरला ढकलाया सांगावं, वढाया सांगू नये. ढकलती ती शंभर फूट. वढाया लावली का दम तोडती."

हेच मी तीन रात्री जागून वाचलं होतं. पंपाच्या आधी शंभर मायक्रॉनची जाडी जाळी, पंपाच्या पुढे दहा मायक्रॉनचं बारीक गाळणं. मिस्त्रींना कागदावर चित्र काढून दिलं होतं. त्यांनी ते चित्र चहाच्या कपाखाली ठेवलं आणि म्हणाले, "सर, चालतंय." तेच ज्ञान मला आता मुख्य रस्त्यावर, घामानं निथळत, एका जळक्या मोटरच्या मालकाकडून मिळत होतं, तेही फुकट आणि मोठ्या आवाजात.

"प्रेशर किती हाय?"

"तीन बार."

"फुटात सांगा."

मी मनातल्या मनात हिशेब केला. पाण्याच्या भाषेत तीन बार म्हणजे शंभर फूट उंच पाणी चढवणारा दाब. कार्ब्युरेटरला पेट्रोल पुरवणाऱ्या जुन्या एसी पंपाचा पाव बार म्हणजे आठ-नऊ फूट.

"शंभर फूट."

"बस्स?" त्याच्या चेहऱ्यावरचा आदर उतरला. "आमची बोर साडेतीनशे हाय."

इथपर्यंत तो माझा गुरू होता. मग घसरला. बोरचा विषय निघाला तो बोरमध्येच उतरला. तीन बोर घेतल्या. जागा पानाड्यानं दाखवली, तळहातावर नारळ ठेवून. नारळ ताठ उभा राहिला म्हणजे खाली पाणी.

"आणि लागलं?"

"पहिल्या दोन कोरड्या गेल्या."

"मग नारळ?"

"ते नारळ जुने व्हते," तो शांतपणे म्हणाला. थोडा वेळ माझ्या टाकीकडे एकटक बघत राहिला आणि अगदी मनापासून विचारलं, "पेट्रोलवर नारळ हुबा ऱ्हातो का ओ?"

मी म्हणालो, करून पाहिलं नाही.

"करून बगाया पायजे. काटा खोटं दावतो कदी कदी."

काटा खोटं दाखवतो, हेही खरं. माझा पाव दाखवत होता. जुन्या टाकीत आडव्या पट्ट्या नसतात, वळणावर पेट्रोल एका कुशीला जातं आणि पंपाच्या तोंडी हवा येते. कार्ब्युरेटरला हे कळायचंही नाही, त्याच्या वाटीत दोन घोट शिल्लक असायचे. आणि तो जुना एसी पंप! उन्हात फार तापला की त्यावर ओलं फडकं टाकायचं, दहा मिनिटं लिंबाखाली बसायचं, निघायचं. वडिलांच्या डिकीत एक फडकं फक्त त्यासाठी होतं. ते मी इंजेक्शन बसवताना टाकून दिलं.

गंज आत्ताच का सुटला, तेही सांगून टाकतो, कारण तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल. जुन्या टाकीच्या भिंतींना चिकटलेला राप ते सोडवतं, जुन्या रबरी नळ्या खातं, वर हवेतलं पाणी ओढून घेतं. इथेनॉल येतं उसापासूनही. ऊस कुठला? आमच्याकडचाही. ज्या मराठवाड्यात २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं ऊस डोलतोय. म्हणजे ह्या माणसाच्या बोरचं पाणी उसात गेलं आणि त्याची मोटर जळाली, उसाचं पेट्रोल माझ्या टाकीत आलं आणि माझी... मी त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "माझा बी दोन एकर हाय."

मग जाता जाता त्यानं विचारलं, "ऑटो टाकलंय का?"

लाईट आली की मोटर आपोआप चालू करणारं ते ऑटो. रात्री दोनला थ्री फेज येते, ऑटो मोटर चालू करतं, बोरमध्ये पाणी नसतं, सकाळी वास. त्याची मोटर तिन्ही वेळा अशीच गेली होती. मी हसून सांगणार होतो की गाडीत असलं काही नसतं. तेवढ्यात पंपाची लाल वायर दिसली, किल्लीपासून सरळ मागं आलेली. पंप चालू-बंद करणारा रिले बाजूला लोंबत होता, कशालाच न जोडलेला.

इथं मात्र मला हसू आलं नाही, आताही येत नाही. नियम साधा आहे. किल्ली फिरवली की पंप दोनेक सेकंद गुणगुणून दाब भरतो आणि थांबतो, इंजिन फिरू लागलं तरच पुन्हा चालतो. इंजिन बंद पडलं की पंप बंद. हे एवढ्यासाठी की उद्या गाडी ठोकली, नळी तुटली, तर तीन बारच्या दाबानं पेट्रोलची धार गरम सायलेन्सरवर पडू नये. मिस्त्रींनी रिले त्रास देतो म्हणून 'डायरेक्ट' केलं होतं. आपल्याकडे वायरमन, मिस्त्री, प्लंबर, सगळ्यांचं शेवटचं औषध हेच. फ्यूज उडतोय? डायरेक्ट. सेन्सर त्रास देतोय? डायरेक्ट. त्या गाडीत सहा महिने माझी बायको बसत होती. पैसे पूर्ण मोजले होते, वर दिवाळीला मिठाई.

असो. गेवराईला जायचं ठरलं. मोटारसायकलवर जागा करायची तर पोतं मांडीवर घेणं आलं. रेशमी झब्बा, गळ्यात उपरणं आणि मांडीवर आडवी सबमर्सिबल, असा मी गेवराईच्या बाजारातून निघालो. काळं पाणी झब्ब्यावर ठिपकत होतं. ओळखीचं माणूस दिसलं की तो गाडी हळू करून ओरडायचा, "सायबाचीबी जळाली!" मी तीनदा म्हणालो, जळाली नाही. चौथ्यांदा गप्प बसलो.

स्पेअर पार्टच्या दुकानात मी इंजेक्शनची जाड नळी मागितली. दुकानदारानं गॅसच्या शेगडीची नारिंगी नळी काढून काउंटरवर आपटली. "ही घ्या, आयएसआय." मी दाबाचं सांगितलं. "ह्याच्यातूनबी प्रेशरच जातं ना सर?" शेवटी त्याच्याच मागच्या फळीवर योग्य नळी सापडली, मला सापडली, त्याला नाही. जाळीचा साधा पारदर्शक फिल्टर पंपाच्या आधी लावायला, पत्र्याचा बारीक फिल्टर पुढे, आणि नळी आवळायला, तिच्यात दात न रुतणाऱ्या गोल पट्ट्या. पट्ट्या त्याच्याकडे दोनच होत्या. मला सहा हव्या होत्या. जुन्या फिल्टरच्या दोन काढून वापरल्या, उरलेल्या ठिकाणी काय लावलं ते लिहीत नाही.

लग्नात पोचलो तेव्हा मंडपवाले कनाती सोडत होते. मसालेभाताची खरवड शिल्लक होती. आणि जो येईल तो म्हणे, "दाजी, मोटर जळाली म्हणे?" सहा महिने जिला मी मायक्रॉन समजावून सांगत होतो, तिनं सगळ्या मांडवाला एका शब्दात उरकलं होतं.

काल संध्याकाळी फोन आला. नंबर मी 'मोटरवाले' म्हणून ठेवलाय, त्यानं माझा कसा ठेवलाय कोण जाणे.

"भरून आली, आजच सोडली. चालू हाय. तुमची?"

"चालू आहे."

"ऑटो काढलं का?"

"काढलं. रिले जोडला. तुम्ही?"

तो जरा थांबला. "काढतो की. पानी बगून चालवत जा मातर."

फोन ठेवला, चप्पल घातली आणि खाली जाऊन किल्ली फिरवली. काटा पावाच्या खाली होता. पेट्रोल भरून आलो. कुठं गेला होतात, असं बायकोनं विचारलं, तर भाजी बघायला म्हणालो.