आमच्या सांगोल्याचं मत विकाऊ नाही

आज दुपारी इथं पुण्यात ऑफिसात डबा खाताना एक जण सहज बोलून गेला, "तुमच्या गावाकडं काय, पाचशेची नोट आणि मटणाचा रस्सा, झालं मतदान!" सगळे हसले. माझा घास घशात अडकला. तेव्हा काही बोललो नाही. संध्याकाळपासून ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय.

मी सांगोल्याचा. सोलापूर जिल्ह्यातला, कायम दुष्काळाच्या तोंडी असलेला तालुका. या तालुक्यानं गणपतराव देशमुखांना, आमच्या आबासाहेबांना, 11 वेळा विधानसभेत पाठवलं. 1962 ते 2014, पक्ष एकच, शेकाप, म्हणजे शेतकरी कामगार पक्ष. राज्यात त्यांचा लाल बावटा जिथं तिथं उतरत गेला, आमच्याकडं राहिला. एसटीनं प्रवास करणारा आमदार होता तो. त्या माणसाकडं वाटायला काय होतं, सांगा ना!

आणि डोळे झाकूनही पाठवलं नाही. 1972 ला पाडलं. 1995 ला काँग्रेसच्या शहाजीबापू पाटलांनी त्यांना पाडलं, 192 मतांनी.

हा 192 चा आकडा आमच्या घरात शिरून बसलाय. आजोबा, म्हणजे अण्णा, पक्के लाल बावट्याचे. मतदानाच्या आदल्या रात्री ओट्यावर बसून बोटं मोजायचे, "आपल्या घरात नऊ. वरच्या आळीत भावकीची चौदा." निकाल लागला त्या रात्री ते जेवले नाहीत. कंदील बारीक करून तसेच बसलेले. तेव्हा नाना, माझे धाकटे चुलते, समोर जाऊन उभे राहिले. म्हणाले, "अण्णा, माझं तिकडं गेलंय."

मी दाराआड होतो. वाटलं, आता अण्णा काठी उचलतात. अण्णांनी विचारलं, "का?"

"शेताला पाणी पायजे अण्णा. तीस वर्षं झाली. एकदा दुसऱ्याला बघू म्हनलं."

अण्णा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "दिलंस ते दिलंस. जेव जा."

यात नोट कुठं आहे? रस्सा कुठं आहे? बापासमोर उभं राहून मी तुमच्या माणसाला मत दिलं नाही असं सांगायची छाती लागते. तुमच्या सोसायटीत आहे का कुणाची?

पैसे वाटले जातात. हो. घेणारे घेतातही. जातही बघतात, नाही कशाला म्हणू. पण सगळं जातीवरच असतं, तर तोच माणूस त्याच तालुक्यात दोनदा पडला कसा? मतदार तेच, गावं तीच.

आणि हे आम्हाला शिकवणारं कोण? तो डबा खाताना बोललेला माणूस 13 मे 2024 ला, पुण्याचं लोकसभेचं मतदान असताना, लोणावळ्याला होता. सोमवारची सुट्टी, जोडून शनिवार-रविवार. फोटो टाकले होते त्यानं. आमच्याकडं ऊसतोडीला गेलेली माणसं मतदानाला परत येतात, म्हातारीला मोटारसायकलवर मधे बसवून केंद्रावर नेतात. आणि अडाणी आम्ही!

चिडलोय खरा. पण एक गोष्ट सांगितली नाही तर ही पोस्ट खोटी होईल.

2019. आबासाहेब नव्वदी ओलांडलेले, उभे राहिले नाहीत. त्यांचे नातू अनिकेत उभे होते, समोर पुन्हा शहाजीबापू, या वेळी शिवसेनेकडून. मतदान 21 ऑक्टोबरला, सोमवार. पाऊस होता, कामाची डेडलाइन होती, मी गेलो नाही. आमच्या गावचे पुण्यात राहणारे किती जण गेले नाहीत, देव जाणे. शेकाप 768 मतांनी हरला.

नानांचा फोन आला. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तू आला न्हाईस नव्हं?" मी काय बोलणार. 192 च्या रात्री दाराआड उभा राहिलेला पोरगा मी. नानांनी निदान मत दिलं होतं, विरोधात का होईना. मी तर दिलंच नाही. 2021 च्या जुलैत आबासाहेब गेले, तेव्हा हेच आधी आठवलं.

2024 च्या 20 नोव्हेंबरला गेलो. आदल्या रात्री स्वारगेटहून उभ्यानं. शाळेतल्या केंद्रावर रांगेत पुढं नाना, तेल्या रोगानं डाळिंबाची बाग गेल्यापासून वाकलेत. शाई लावून बाहेर आल्यावर मी त्यांना कुणाला दिलं ते विचारलं नाही, त्यांनीही मला नाही. या वेळी शेकाप निवडून आला, आबासाहेबांचेच नातू, बाबासाहेब.

त्या संध्याकाळी, निकालाच्या आधी, नाना ओट्यावर अण्णांच्या जागेवर बसले होते. शाईचं बोट तसंच वर धरून मोजत होते, "आपल्या घरात आता सात. तू आलास म्हणून सात."