मुका मार चोळू नका: टॉटनहॅमच्या दुखापतींवर फिरणाऱ्या यादीला उत्तर

टॉटनहॅम या लंडनच्या क्लबच्या 2024-25 च्या हंगामावरचा एक मेसेज बरेच दिवस मराठी फुटबॉल ग्रुपांवर फिरतोय. ‘कोट्यवधींचा पगार, तरी निम्मा संघ दवाखान्यात: सहा खरी कारणं’ असं त्याचं नाव. कारणं थोडक्यात अशी: आजचे खेळाडू नाजूक, मैदान प्लॅस्टिकचं, स्ट्रेचिंग कमी पडतं, जास्त सामने हा नुसता बहाणा, कोचनं पोरांना पिळून काढलं, आणि सहावं, दुखलं की खेळाडूला बसवून ठेवतात, पूर्वीसारखं गरम तेलानं चोळून आणि धावायला लावून स्नायू ‘मोकळा’ करत नाहीत. आता तो मेसेज कोल्हापुरात भाच्याच्या संघाच्या ग्रुपवर आलाय आणि सतरा-अठरा वर्षांच्या पोरांनी त्याला अंगठे दिलेत. आता गप्प बसणं शक्य नाही. सहावा मुद्दा सगळ्यात घातक आहे, म्हणून सुरुवात त्याच्यापासून.

जोरात पळताना पाय पुढे फेकला जातो. पाऊल जमिनीवर टेकायच्या क्षणभर आधी मांडीच्या मागचा स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग, एकीकडे ताणला जात असतो आणि त्याच वेळी पायाला ब्रेकही लावत असतो. बहुतेक वेळा तो इथेच फाटतो. ‘मोकळं’ व्हायला तिथे काही आखडलेलं नसतं. तंतू तुटलेले असतात आणि आत रक्त पाझरत असतं. त्यावर गरम शेक दिला की रक्तप्रवाह वाढतो. चोळलं की अर्धवट धरून राहिलेले तंतूही सुटतात. आणि त्याच संध्याकाळी ‘धावून बघ’ म्हटलं, तर आठ-दहा दिवसांची दुखापत दोन महिन्यांवर जाते.

मग करायचं काय? त्याच क्षणी मैदान सोडायचं. क्रेप बँडेज खालून वर, बोटं बधिर होणार नाहीत इतपत घट्ट बांधायचं आणि पाय उशीवर ठेवायचा. बर्फ फडक्यात गुंडाळून एका वेळी 10 ते 15 मिनिटं, तोही दुखणं कमी व्हावं म्हणून. बर्फानं स्नायू लवकर जुळतो असं समजू नका. पहिले 48 ते 72 तास गरम शेक नाही, मालिश नाही, दारू नाही. मागच्या बाजूला खळगा जाणवत असेल, ‘टप’ असा आवाज आला असेल किंवा दोन दिवसांत मोठा काळानिळा डाग उतरला असेल, तर थेट हाडांच्या डॉक्टरकडे.

मुका मार लागल्यावर तर तेल-मालिश आणखी वाईट. समोरच्याचा गुडघा मांडीच्या पुढच्या बाजूला बसतो, जखम दिसत नाही, पण स्नायू हाडावर चेंगरलेला असतो. इथं पहिल्याच दिवशी जोरात चोळलं तर आतला रक्तस्राव वाढतो आणि काही जणांच्या बाबतीत त्या साकळलेल्या रक्ताच्या जागी हाड धरायला लागतं. तीन-चार आठवड्यांनी मांडीत कडक गाठ लागते, एक्स-रेमध्ये ती पांढरी दिसते, गुडघा पूर्ण वाकत नाही आणि पोरगा काही महिने बाहेर बसतो. योग्य उपाय अगदी साधा आहे: सोसेल तितका, शक्यतो 120 अंशांपर्यंत गुडघा वाकवून बँडेजनं तसाच बांधायचा, वर बर्फ, आणि पहिला दिवस स्नायू असा ताणलेलाच ठेवायचा. मांडी दगडासारखी टणक होत गेली, दुखणं तासागणिक वाढलं किंवा पायाला मुंग्या आल्या, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

यादीत एक अर्धसत्य आहे, ते मान्य करतो. आठवडाभर खाटेवर पडून राहणंही चूकच. दोन-तीन दिवसांनी दुखणार नाही इतपत चालणं, मग झोपून टाच जमिनीत रुतवून स्नायू आवळणं, मग सायकल, मग हळू धावणं, हा क्रम लवकर सुरू केलेलाच बरा. पण हा चढता भार आहे. ‘धावून मोकळं कर’ याचा त्याच्याशी संबंध नाही. सामन्यात परतायचं ते तारीख बघून नाही. दाबलं तर दुखत नाही, दोन्ही पायांच्या ताकदीत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नाही, पूर्ण वेगानं पळून अचानक थांबता येतं, आणि असं दमेपर्यंत पुन्हा पुन्हा करून दुसऱ्या दिवशी सकाळीही काही ओढत नाही, एवढं जमलं की मग संघाबरोबर पूर्ण सराव, आणि त्यानंतर सामना. वेदनाशामक सुई घेऊन उतरणं म्हणजे गाडीचा तेलाचा लाल दिवा फडक्यानं झाकणं. दुखणं हीच एकमेव सूचना असते आणि तीच बंद केली जाते.

घाईनं परतण्याचे परिणाम टॉटनहॅमनंच दाखवलेत. 8 डिसेंबर 2024 ला चेल्सीविरुद्ध क्रिस्टियन रोमेरो आणि मिकी वॅन डे वेन हे दोन्ही मुख्य सेंटर बॅक, म्हणजे बचावफळीच्या मधले खेळाडू, दुखापतीतून परतून थेट पहिल्या अकरात खेळले. रोमेरो पंधराव्या मिनिटाला मांडी धरून बाहेर गेला, वॅन डे वेन 79 व्या मिनिटाला पुन्हा हॅमस्ट्रिंग धरून. संघ 2-0 नं पुढे होता, 3-4 नं हरला, आणि रोमेरो पुन्हा दिसायला मार्च उजाडला. म्हणजे मेसेज म्हणतो की ते खेळाडूंना फार बसवून ठेवतात. प्रत्यक्षात सगळ्यात महागात पडला तो लवकर उतरवण्याचा निर्णय.

युरोपातल्या मोठ्या क्लबांच्या दुखापतींची नोंद यूएफाचा, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेचा, अभ्यासगट 2001 पासून ठेवतोय, स्वीडनचे डॉक्टर यान एकस्ट्रांड यांच्या नेतृत्वाखाली. या विषयात इतकी लांब आणि सलग नोंद दुसरी नाही, म्हणून पुढचं बरंचसं तिच्यावरच बेतलंय. त्यांच्या 2011 च्या आकड्यांनुसार 25 जणांच्या संघात एका हंगामात सुमारे 50 दुखापती होतात, म्हणजे माणशी दोन. त्यांत साधारण 15 स्नायूंच्या. स्नायूंच्या दुखापतींपैकी 16 टक्के जुन्याच जागी पुन्हा झालेल्या, आणि या दुसऱ्या वेळच्या दुखापतीत खेळाडू पहिल्यापेक्षा जास्त दिवस बाहेर राहतो. म्हणून ‘इतक्या दुखापती झाल्या’ या नुसत्या मोजणीला फारसा अर्थ नाही. मोजायचे असतात ते गमावलेले दिवस, आणि एकाच जागेवरचे किती खेळाडू एकाच वेळी बाहेर आहेत ते.

आता ‘जास्त सामने हा बहाणा’. टॉटनहॅमनं त्या हंगामात लीगचे 38, युरोपा लीगचे 15, लीग कपचे 5 आणि एफए कपचे 2 असे 60 सामने खेळले. पहिला लीग सामना 19 ऑगस्टला, शेवटचा 25 मे ला. हिशेब केला तर पाच दिवसही पुरे होत नाहीत तोवर पुढचा सामना. त्यात युरोपा लीग गुरुवारी रात्री. विमानानं परत यायचं, शुक्रवारी अंग मोडून आलेलं असतं, शनिवारी हलका सराव, रविवारी पुन्हा मैदानात. सामन्यानंतर मांडीमागच्या स्नायूची ताकद पूर्ववत यायला साधारण तीन दिवस लागतात. ते तीन दिवस या वेळापत्रकात नसतात.

2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चॅम्पियन्स लीग खेळणाऱ्या एका संघाच्या दोन हंगामांतल्या एक सामन्याच्या आणि दोन सामन्यांच्या आठवड्यांची तुलना झाली. आठवड्याला एक सामना खेळताना खेळाच्या दर हजार तासांमागे 4.1 दुखापती, दोन सामने खेळताना 25.6. खरी गोम पुढे आहे: दोन्ही वेळेला खेळाडूंनी सामन्यात कापलेलं अंतर आणि वेगानं केलेली धाव जवळपास सारखीच होती. बाहेरून बघणाऱ्याला थकवा दिसतच नाही, म्हणून ‘चांगला पळतोय की, कसला थकलाय?’ हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं.

आणि एकदा दोन-तीन जण पडले की उरलेल्यांवर भार येतो. मिडफिल्डचा अठरा वर्षांचा आर्ची ग्रे त्या हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे सेंटर बॅक खेळला, कारण दुसरं कुणी उरलं नव्हतं. बदली खेळाडू नाहीत म्हणून कुणाला विश्रांती नाही, विश्रांती नाही म्हणून पुढची दुखापत. दुर्दैव मध्ये येतंच, गुडघ्याचं लिगामेंट तुटायला एक वाकडं पाऊल पुरतं. पण या चक्राला दुर्दैव म्हणता येणार नाही.

कोचवरच्या आरोपात तथ्य आहे, नाखुशीनं का होईना मान्य करावं लागतं. अँजे पोस्टेकोग्लूंचा संघ बचावफळी जवळपास मध्यरेषेवर ठेवायचा. मागे चाळीस-पन्नास मीटर मोकळी जागा राहते आणि चेंडू मागे पडला की सेंटर बॅकला पूर्ण वेगानं वळून पळावं लागतं, सामन्यात पुन्हा पुन्हा. वॅन डे वेनचा वेग प्रीमियर लीगमध्ये ताशी 37.38 किलोमीटर नोंदला गेलाय. इतक्या वेगाचं ओझं शेवटी मांडीमागच्या त्याच स्नायूवर येतं. पण हे एका संघापुरतं नाही. यूएफाच्या नोंदीत एकूण दुखापतींमध्ये हॅमस्ट्रिंगचा वाटा 2001-02 मध्ये 12 टक्के होता, 2021-22 मध्ये 24 टक्के. सगळा खेळच जास्त वेगवान झालाय. शिवाय ‘पिळून काढलं’ म्हणणं उथळ आहे. आठवड्याला दोन सामने असताना पिळून काढायला सरावाचे दिवस उरतात कुठे? उलट भीती असते ती पुरेसा सराव न होण्याची. आठवड्यातून एकदा तरी खेळाडूनं 90-95 टक्के वेगानं पळालेलं असावं लागतं, नाहीतर सामन्यातली पहिलीच पूर्ण धाव अंगावर येते. याच अभ्यासगटाला आणखी एक गोष्ट आढळली: ज्या क्लबांत डॉक्टर आणि मुख्य कोच यांच्यात नीट बोलणं होत नाही, तिथे दुखापतींचा भार जास्त आणि उपलब्ध खेळाडू कमी. गल्लीतल्या संघात डॉक्टर नसतो, पण ‘दुखतंय’ म्हणणाऱ्या पोराला कोच काय उत्तर देतो, हा प्रश्न तिथेही तोच आहे.

‘नाजूक’ हा आरोप दोन ओळींत संपतो. टॉटनहॅमचा गोलकीपर गुलिएल्मो विकारिओ नोव्हेंबर 2024 मध्ये मँचेस्टर सिटीविरुद्ध मोडलेल्या घोट्यानं तासभर खेळला. आणि ‘पूर्वी असं नव्हतं’ म्हणणाऱ्यांनी याच क्लबचा पॉल गॅस्कॉइन आठवावा: 1991 च्या एफए कप फायनलमध्ये गुडघ्याचं लिगामेंट तुटलं आणि पुढचा अख्खा हंगाम गेला.

मैदानाचा मुद्दा तर सरळ चुकीच्या माहितीवर उभा आहे. टॉटनहॅमच्या स्टेडियममध्ये कृत्रिम मैदान आहे, पण ते अमेरिकन फुटबॉलसाठी, आणि गवताच्या मैदानाच्या खाली. गवताचं मैदान तीन तुकड्यांत सरकवून बाजूला नेतात, तेव्हाच ते उघडं पडतं. प्रीमियर लीगचे सामने गवतावरच होतात. आपल्याकडे बघायचं असेल तर एप्रिल-मेमध्ये वीटेसारख्या कडक झालेल्या मैदानावर सहा लांब स्टडचे (तळाला खुंट असलेले) बूट घालून उतरणाऱ्या पोरांकडे बघा. ते स्टड ओल्या, मऊ मातीसाठी असतात. कडक जमिनीवर आखूड आणि जास्त स्टडचे बूट हवेत.

राहिलं स्ट्रेचिंग. सामन्याआधी एकेक स्नायू मिनिटभरापेक्षा जास्त ताणून धरला तर तात्पुरती ताकद कमी होते, आणि त्यानं दुखापत टळते असा भरवशाचा पुरावा नाही. त्याऐवजी फिफाचा ‘11+’ वॉर्म-अप करा: 8 मिनिटं हळू धावणं आणि वळणं, 10 मिनिटं ताकद, उड्या आणि तोल, 2 मिनिटं वेगात धाव. एकूण वीस मिनिटं, साहित्य म्हणून खुणेसाठी फक्त काही प्लॅस्टिकचे शंकू. आठवड्यातून निदान दोनदा तरी पूर्ण.

त्याच्या जोडीला हॅमस्ट्रिंगसाठीचा नॉर्डिक हा व्यायाम. गुडघ्यांवर बसायचं, जोडीदारानं मागून घोटे दाबून धरायचे, गुडघ्यापासून डोक्यापर्यंत अंग एका रेषेत ठेवून जमेल तितकं सावकाश पुढे झुकायचं, शेवटी हातांवर उतरायचं आणि हातांनीच ढकलून परत यायचं. कंबरेत वाकलं की अर्धा फायदा गेला. सगळ्यात जास्त चूक हीच होते. डेन्मार्कमधल्या 50 संघांवर जो कार्यक्रम तपासला गेला आणि ज्यानं हॅमस्ट्रिंगच्या दुखापती मोठ्या प्रमाणात घटल्या, तो दहा आठवड्यांचा होता. पहिल्या आठवड्यात एकच दिवस, 5 चे 2 सेट. दुसऱ्यात दोन दिवस, 6 चे 2. तिसऱ्यात तीन दिवस, 6 ते 8 चे 3. चौथ्यात तीन दिवस, 8 ते 10 चे 3. पाचव्यापासून दहाव्यापर्यंत तीन दिवस, 12, 10 आणि 8 असे 3 सेट. करायचं सराव संपताना, सामन्याच्या आदल्या दिवशी कधीच नाही. पहिल्या पंधरवड्यात मांड्या मागून दोन-दोन दिवस भरून येतात आणि बहुतेक पोरं नेमकी तिथेच सोडून देतात. आकडे वर दिल्याप्रमाणे हळू वाढवले तर चौथ्या आठवड्यापर्यंत ते दुखणं बरंच ओसरतं.