टर्बो गाडी तालुक्याच्या गॅरेजला का देतो? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

भाऊ, तुमची प्रतिक्रिया पूर्ण वाचली. तुमचं म्हणणं असं की दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणी टर्बो (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा) असलेली गाडी गॅरेजवाल्याच्या हाती देणं म्हणजे तिची वाट लावणं, नागपूरला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच न्यायला पाहिजे आणि ते झेपत नसेल तर विकून टाका. काळजीपोटी लिहिलं हे समजते, पण मला पटलं नाही, आणि बरेच जण असंच धरून चालतात म्हणून सविस्तर लिहितो.

माझी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २००५ ची, १.८ लिटर टर्बो पेट्रोल, १५० पीएस ताकदीची. एवढ्या जुन्या गाडीत आधी जाते ते रबर न् प्लास्टिक. होज (रबरी पाइप), कूलंटचे फ्लँज (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या नळ्यांचे जोड), व्हॅक्यूमच्या नळ्या, मग इग्निशन कॉइल (स्पार्क प्लगला करंट देणारी). त्यात आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकते, वरून काळ्या मातीची धूळ, रबर टिकणार किती? अशा गाडीला दुखणं शोधून काढणारा माणूस लागतो.

मधात गाडी ओढेना झाली, तिसऱ्या गिअरला पाय दाबला की फुस्स आवाज न् दम गायब. शहरातल्या एका चकाचक वर्कशॉपनं स्कॅनर लावला, बूस्ट (टर्बोनं भरलेल्या हवेचा दाब) कमी दाखवते म्हणाले आणि थेट नवीन टर्बोचं एस्टिमेट हातात दिलं. आमच्या दारव्ह्याच्या मिस्त्रीनं आधी मला बाजूला बसवून स्वतः चक्कर मारली, मग फिल्टरकडचा पाइप काढून तिथं बूच ठोकलं, पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं एकदम हलक्या प्रेशरची हवा सोडली आणि एकेका जोडावर साबणाचं पाणी मारत गेला. इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) होजपाशी फेस आला. क्लॅम्प ढिला केला तर बरोब्बर त्याच्याखाली होज चिरलेला, गाडी जागेवर चालू असताना काहीच कळत नाही, बूस्ट चढला की तेवढीच चीर उघडते. होज बदलला, टर्बो अजून तोच आहे. स्कॅनर खोटं बोलला नव्हता, बूस्ट कमीच होता, पण कमी का आहे हे शोधायच्या भानगडीत तिथं कोणी पडलंच नाही.

तुमची एक गोष्ट मात्र शंभर टक्के बरोबर, काही कामं साधनांशिवाय करूच नये. या इंजिनचा टायमिंग बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात, सगळं हेडच उघडावं लागते. ते काम मी नागपूरलाच केलं, आणि मिस्त्रीनंच पाठवलं बरं का! "टेन्शनरचं (बेल्ट ताणून धरणाऱ्या पार्टचं) टूल माह्यापाशी नाही, नागपूरले करून घ्या, वॉटर पंपही तेव्हाच बदला" असं तोंडावर सांगितलं त्यानं. हातचं गिऱ्हाईक सोडून खरं बोलणाऱ्या माणसावर माझा जीव बसला तो तेव्हापासून.

तुमच्या भागात कोणी शोधत असाल तर पहिल्यांदा नुसतं ऑइल बदलायला द्या. डब्यावर ५०२ ०० (माझ्यासारख्या स्कोडा-फोक्सवॅगनच्या पेट्रोल गाडीच्या ऑइलचा कंपनीचा नंबर) लिहिलं आहे का बघतो का, ड्रेन बोल्टचं वॉशर नवीन टाकतो का, कूलंट कमी दिसलं तर नळाचं पाणी ओततो का आधी आतलं कोणतं आहे विचारतो, कारण गुलाबी कूलंटमध्ये जुनं हिरवं मिसळलं तर गाळ धरते न् रेडिएटर चोंदते. आणि काढलेला पार्ट न मागता हातात देतो का तेही पाहा. एवढं नीट करणारा भेटला तरच मोठं काम त्याच्याकडं काढा, मग त्याचं शेड पत्र्याचं का असेना.