मीठ विरघळतं, पण विरघळण्याचा गुण असतो कुठे?

वादाला तोंड मन्यानं फोडलं. "मिठात विद्राव्यता नावाचं वेगळं काही भरलेलं नसतं. पाण्यात टाकलं तर विरघळतं, बास. या जर-तरलाच आपण गुणधर्म म्हणतो."

"संपृक्त पाण्यात टाक की," अण्णा म्हणाला. "२५ अंशांना १०० ग्रॅम पाण्यात ३६ ग्रॅम मीठ मावतं. त्यानंतर टाकलेला खडा तळाशी तसाच पडून राहणार. त्याची विद्राव्यता गेली का?"

"मग ताज्या पाण्यात टाकायचं, असं म्हण."

"ताज्या पाण्यात मेण चढवलेला खडा टाक. तोही विरघळत नाही. अटी वाढवत वाढवत तू शेवटी 'विरघळण्याच्या आड काही येत नसेल तर' इथे पोचतोस. म्हणजे मीठ विरघळतं, फक्त जेव्हा विरघळत नाही तेव्हा सोडून. यात सांगितलंस काय?"

उलट बाजूचं उदाहरण तत्त्वज्ञ सी. बी. मार्टिन यांनी १९९४ साली दिलं होतं. तार मेलेली आहे, तिच्यात वीज नाही. पण तिला जोडलेलं यंत्र असं, की वाहक टेकला रे टेकला की त्याच क्षणी तारेत वीज सोडतं. 'टेकवलं तर करंट वाहील' हे खरं, तरी तार आत्ता मेलेलीच. मेणाच्या खड्यात गुण आहे आणि जर-तर खोटं. इथे जर-तर खरं आणि गुण नाही. एखादी अट जोडून हे दुरुस्त होत नाही.

सुमाताईनं भांडण थेट न्याय आणि मीमांसा या भारतीय दर्शनांमधल्या जुन्या वादावर नेलं, आणि ते योग्यच होतं. अग्नी जाळतो, पण शेजारी विशिष्ट मणी ठेवला की जाळत नाही, हे त्या वादातलं ठरलेलं उदाहरण. मीमांसक म्हणतात, अग्नी दिसायला तसाच आहे, तरी दाह होत नाही. म्हणजे त्याच्यात 'शक्ती' नावाचा वेगळा पदार्थ, म्हणजे अस्तित्वाचा वेगळा प्रकार, मानायला हवा आणि मणी तिलाच मारतो. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे, उदयनाचार्य यांनी न्यायकुसुमांजलीत हे नाकारलं. प्रतिबंधक (अडवणारी गोष्ट) नसणं हेही एक कारणच धरा, निराळी शक्ती कशाला? पण मण्यासोबत उत्तेजक, म्हणजे मण्याचा अडथळा निष्प्रभ करणारी वस्तू, ठेवला की अग्नी पुन्हा जाळतो. मग नैयायिकाला 'उत्तेजकाविना असलेल्या मण्याचा अभाव' हे कारण म्हणून मांडावं लागतं.

"मन्या, अण्णाचं मेण म्हणजे तो मणी," ताई म्हणाली. "आणि तू उदयनाचार्यांच्या बाजूनं बोलतोयस."

"मग त्यांचंच बरोबर," मन्या म्हणाला. "आतला हिशेब बघ. एक मोल मिठाचा स्फटिक मोडून आयन सुटे करायला सुमारे ७८७ किलोज्यूल लागतात. पाण्याचे रेणू आयनांभोवती जमले की जवळपास तेवढेच परत मिळतात. तूट साधारण ४ किलोज्यूलची, ती एन्ट्रॉपी, म्हणजे कणांचा विखुरण्याकडचा कल, भरून काढते. रचना सांगून झाली. आता शक्ती उरली कुठे?"

"सिल्व्हर क्लोराइड घे," ताई म्हणाली. "स्फटिकाची मांडणी मिठासारखीच, आयनांवरचा चार्जही तेवढाच. पण लिटरभर पाण्यात जेमतेम २ मिलिग्रॅम विरघळतं. तिथे तूट ६५ किलोज्यूलच्या आसपास आहे, कारण चांदी आणि क्लोरीनमधला बंध निव्वळ आयनिक राहत नाही. नुसत्या मांडणीवर भागत नाही. कोण कोणाला किती ओढतं हे सांगावंच लागतं."

"आणि ओढणं म्हणजे पुन्हा शक्तीच," अण्णा म्हणाला. वादातला सगळ्यात भक्कम मुद्दा मला हाच वाटतो. रसायनशास्त्र विद्राव्यता उलगडून दाखवतं, पण उलगडल्यावर हाती येतो तो चार्ज. चार्ज काय करतो ते वगळून चार्ज काय आहे हे कुणी सांगत नाही. तर्कसंग्रह या न्यायाच्या पाठ्यग्रंथातही गुरुत्वाची, म्हणजे जडपणाची, व्याख्या 'पहिल्या पडण्याचं असमवायी कारण' अशी आहे; असमवायी कारण म्हणजे वस्तूतच राहून कार्य घडवणारा गुण. म्हणजे गुण त्याच्या कामावरूनच ओळखायचा.

मन्यानं तत्त्वज्ञ डेव्हिड आर्मस्ट्राँग यांची बाजू लावून धरली: नियम म्हणजे गुणांमधलं नातं, आणि ते नातं वेगळंही असू शकलं असतं. "मग असं जग शक्य आहे," अण्णा म्हणाला, "जिथे चार्ज वस्तुमानाचं काम करतो आणि वस्तुमान चार्जचं. त्या जगातलं एकही उपकरण हा फरक पकडणार नाही. तो मी का मानू?" तत्त्वज्ञ अलेक्झांडर बर्ड यांनी २००१ मध्ये याच्याही पुढे जाऊन लिहिलं, की मीठ पाण्यात विरघळणं अनिवार्य आहे: चार्जमधलं बळ सांगणारा कूलॉमचा नियम नसता तर मीठ विरघळलं नसतं, पण तो नसता तर मिठाचा स्फटिकही झाला नसता.

ताईला हे अर्धंच पटलं. नियम नाही तर मीठ नाही, कबूल. पण बळ किंचित वेगळं असतं तर? स्फटिक मोडायची ऊर्जा आणि पाण्याकडून परत मिळणारी ऊर्जा, दोन्ही त्याच बळातून येतात, म्हणून दोन्ही बदलतील. पण नेमक्या एकाच प्रमाणात बदलतील कशावरून? तूट ४ वरून ६५ वर गेली की काय होतं ते सिल्व्हर क्लोराइडमध्ये दिसतंच.

"आणखी एक," मन्या म्हणाला. "कूलॉमच्या सूत्रात चार्ज आहे तसं अंतरही आहे. मिठात सोडियम आणि क्लोराइड आयनांच्या केंद्रांमध्ये ०.२८ नॅनोमीटर. हे अंतर काय करतं?"

इथे शक्तिवाद्यांमध्येच, म्हणजे गुण मुळात शक्तीच असतात असं मानणाऱ्यांमध्येच, फूट आहे. आइन्स्टाइनच्या सामान्य सापेक्षतेत अवकाशकाळ वस्तुमानामुळे वळतो आणि वस्तूंचा मार्ग वळवतो, म्हणून अंतरालाही शक्तीच समजावं, असा बर्ड यांचा कल. तत्त्वज्ञ ब्रायन एलिस मात्र अंतर आणि मांडणी हे शक्तीविना असलेले गुण म्हणून मान्य करतात. अण्णा बर्डकडे झुकला. मला एलिस पटतात: बळ किती हे अंतरावर ठरतं, पण अंतर स्वतः कुणाला ओढत नाही, आणि मिठाच्या स्फटिकापुरता तरी अवकाश वळल्याचा हिशेब कुठे लागत नाही.